बमरोलीचे कॅमेरे बंद करायला

सुरतेहून आले म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या बायका आधी विचारतात, "साड्या काय भावाने आणल्यास गं?" एकही आणली नाही, बायांनो. राहूनच गेलं. मी सुरतेला कॅमेरे बंद करायला गेले होते आणि ते बंद करून आले. काम झालं. इतकं नीट काम पुण्याच्या नोकरीत मी कधी केलं नसेल, आणि नीट झालेल्या कामाने माणसाचं असं वाटोळं झालेलंही कधी बघितलं नव्हतं.

तिकडे न गेलेल्यांसाठी थोडं सांगते. आमच्या खानदेशातली माणसं सुरतेच्या मोठ्या स्टेशनावर उतरत नाहीत, उधन्याला उतरतात. उतरल्या उतरल्या रिक्षावाला गुजरातीत भाव सांगतो, आपण हिंदीत घासाघीस करतो आणि मागच्या सीटवरची बाई अहिराणीत म्हणते, लुटी ऱ्हायना हाऊ. बमरोली, पांडेसरा, डिंडोली या बाजूला आमचा अर्धा शिंदखेडा तालुका येऊन राहिला आहे. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ लूम चालवायला आले आणि तिथलेच झाले. त्यांतल्या एकाचा मुलगा योगेश. माझ्याहून बराच लहान, पण भावंडांत मला जवळचा. पोरवयात केबल टीव्हीच्या तारा ओढायचा, आता बमरोलीच्या आठ-दहा गल्ल्यांना इंटरनेट देतो. कतारगामची एक मोठी कंपनी त्याला जाड लाईन देते, तो ती घराघरांत आणि लूमच्या शेडांत वाटतो. घर त्यावरच चालतं, दुसरं काही नाही.

मी पुण्यात नेटवर्क सुरक्षेच्या कामात आहे. नेटवरून येणारी-जाणारी घाण ओळखायची आणि अडवायची, हेच दिवसभर. म्हणून योगेशने फोन मला केला.

"ताई, वरची कंपनी म्हणते तुझ्या लाईनीतून हल्ला होतोय. सोमवार सकाळपर्यंत थांबव, नाहीतर लिंक कापतो. अगं, मी कोणावर कशाला हल्ला करू? मला गल्लीतलं कुत्रंसुद्धा घाबरत नाही!"

आवाजात हसू होतं, पण रडू त्याच्या अगदी शेजारी बसलेलं मला ऐकू आलं. श्रावण होता, रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघरी बसायची होती. मी रजा टाकली आणि निघाले.

गुरुवार, बमरोली

रिक्षावाल्याने अलीकडच्या चौकातच सोडलं. पुढे खाडीचं पाणी चढलं होतं. "बेन, आगळ नहीं जाय," म्हणाला आणि वळवून गेलासुद्धा. बॅग डोक्यावर घेऊन निघाले, आणि मधेच उजव्या पायातली चप्पल चिखलात गेली ती गेलीच. एक चप्पल घालून माणूस अनवाण्याहून जास्त बावळट दिसतं. दुसरीही सोडून दिली आणि अनवाणी भावाच्या दारात उभी राहिले. ज्योती, म्हणजे योगेशची बायको, मला बघून पदर तोंडाला लावून हसली आणि गरम पाणी आणायला पळाली.

त्यांची खोली लूमच्या शेडवर आहे. खाली माग चालू झाले की जमीन थरथरते, चहावर वर्तुळं उठतात आणि बोलताना आपोआप आवाज चढतो. दुपारभर मला वाटत होतं ज्योती माझ्यावर चिडली आहे. मग कळलं, ती सगळ्यांशीच असं बोलते. पुण्यात आमच्या सोसायटीत मिक्सर दुपारी लावला तर चिठ्ठी येते. ज्योतीने लोचो मागवला होता. हा सुरतेचा अर्धवट वाफवलेला, तेल-शेव घातलेला प्रकार मला फार आवडतो, आणि दर वेळी घाईने खाऊन मी जीभ भाजून घेते. या वेळीही घेतली.

मग योगेशने आलेख दाखवला. घरगुती लाईनीत माणसं घेतात जास्त आणि पाठवतात कमी. सिनेमे घेतात, भजनं घेतात, पाठवतात ते शुभ सकाळ. इथे उलटं चाललं होतं. बमरोलीतून बाहेर लोंढाच्या लोंढा जात होता, आणि तो माणसं नव्हती पाठवत. घराघरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे जे डबे असतात, ते पाठवत होते. जगात कुठेतरी बसलेल्या कुणीतरी त्या डब्यांत शिरून त्यांना कामाला लावलं होतं. एखाद्याच्या वेबसाइटवर एकाच वेळी लाखो खोट्या मागण्या पाठवायच्या, म्हणजे ती बसते. कुणाची बसत होती, आम्हाला ठाऊक नव्हतं.

"इतके डबे एकाच वेळी कसे सापडले त्याला?" मी विचारलं.

ज्योतीनेच सांगितलं. "ताई, आमचा सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे ना. कानबाई एक दोन तीन."

मी कपाळाला हात लावला. झालं होतं असं. मागे आमचे नाना गावाला गेलेले असताना त्यांच्या शेडमध्ये चोरी झाली. नाना म्हणजे तिथल्या आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यांत मोठे, आमचे काका. त्याच वर्षी कानबाईला सगळे भाऊबंद बसले आणि ठरवलं, घरोघरी सारखे कॅमेरे घ्यायचे आणि पासवर्ड एकच ठेवायचा. जो गावाला जाईल त्याच्या घरावर मागे राहिलेल्यांनी फोनवरून लक्ष ठेवायचं. बाहेरून बघता यावं म्हणून प्रत्येक डब्याचं दार योगेशने स्वतःच्या हाताने इंटरनेटवर सताड उघडं ठेवलं होतं.

"गाढवा! हे तू केलंस? तू?"

"भाऊबंदांत काय लपवायचं, ताई?" तो म्हणाला. "लोकांना किती बरं वाटतं माहितीये? तिकडे गावात बसून मालतीकाकू सुनेला फोन करते, दूध उतू जाई ऱ्हायनं. आणि खरंच जात असतं."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. पासवर्ड बदलून त्याने बघितला होता. काही उपयोग झाला नाही, कारण स्वस्तातल्या त्या डब्यांत कंपनीनेच आत एक पासवर्ड कोरून ठेवलेला असतो, तो बदलताच येत नाही. डबा बंद करून चालू केला की रोग जातो, पण दार उघडं असलं की चहा होईपर्यंत परत लागतो.

त्या संध्याकाळी सोपं काम उरकलं. नेटवर धावणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पोस्टाच्या पाकिटावर असतो तसा. यांतली पुष्कळ पाकिटं खोट्या पत्त्यांची होती, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की भलतीकडूनच आली. इंटरनेट देणाऱ्याने आपल्या वेशीवर एवढंच तपासायचं असतं: हा पत्ता माझ्याकडचा आहे का? नसेल तर पाकीट तिथेच टाकून द्यायचं. दोन-चार ओळींचं काम. सगळ्या जगातल्या पुरवठादारांनी एवढं केलं तर कितीतरी हल्ले जन्मालाच येणार नाहीत. करत नाहीत, कारण तुम्ही गाळलेल्या घाणीचा फायदा कुठल्यातरी परक्याला होतो, तो तुम्हाला कधी भेटत नाही आणि आभारही मानत नाही. हे मी नोकरीत वर्षानुवर्षं बोलत आले आहे. कुणी ऐकत नाही आणि मला आता बोलायचाही कंटाळा आला आहे.

योगेशने ऐकलं. ओळी टाकल्या, आलेख निम्म्यावर आला. उरलेली पाकिटं खऱ्या पत्त्याची होती, आमच्याच घरांच्या.

शुक्रवार, कतारगाम

वरच्या कंपनीचं ऑफिस कतारगामला. खाली हिऱ्यांना पैलू पाडायचे कारखाने, वर हे. जिन्यात हिरेघासू चहाला उभे होते. इथला चहा एवढ्याशा कपात येतो, दोन घोटांत संपतो, आणि संपला की लगेच दुसरा विचारतात. आमच्याकडे मोठा कप देतात आणि परत विचारत नाहीत. मला सुरतेची पद्धत बरी वाटते.

मेहुलभाई नावाचे गृहस्थ भेटले. भला माणूस. मला कोल्ड कोको मागवला, योगेशलाही मागवला. योगेशने ग्लासाला हात लावला नाही.

"बेन, हूं नथी कापतो. मशीन कापे छे," ते म्हणाले आणि मग माझ्यासाठी हिंदीवर आले. आमच्यावर पण वरचा आहे, त्याच्याकडून तक्रारी आल्या की ज्या लहान पुरवठादाराकडून घाण येते त्याला तोडायचं, असा नियम आहे.

"आणि ज्याच्यावर हल्ला होतो त्याचं काय करता?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण तोंड गप्प बसत नाही माझं.

"त्याच्याकडे जाणारं सगळंच फेकून देतो. वाईटही, चांगलंही."

"म्हणजे तो बंदच पडला. हल्ला करणाऱ्याला हवं होतं तेच तुम्ही करून देता!"

"बाकीचे तर वाचतात ना, बेन." त्यांनी हात पसरले. चांगलं-वाईट निवडून वेगळं काढणारी यंत्रणा असते, पण ती ज्याला परवडते त्याच्यासाठी. बाकीच्यांसाठी कात्री. यात त्यांचा दोष नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि माझ्या कंपनीत बोललेही आहे.

"सोमवारी सकाळी स्वच्छ दिसलं की झालं," ते म्हणाले. "योगेशभाई आपला माणूस आहे."

परतताना रिक्षात योगेश म्हणाला, "दारं बंद करायची तर सगळ्यांची एकदम करू. एकाचं आधी, एकाचं नंतर असं नको. घरातली माणसं आहेत, मनाला लावून घेतात."

संध्याकाळी सगळ्या डब्यांची बाहेरची दारं त्याने लावली. कॅमेरे घरात चालू होते, चित्रण होत होतं, फक्त बाहेरून फोनवर दिसणं बंद. मग डबे बंद करून चालू करायला तो घरोघरी फिरला. परत येऊन बघतो तर आलेख सपाट. मला इतका आनंद झाला! पाठीत धपाटा घातला त्याच्या. जगात कुठेतरी कुणाचं तरी दुकान, कुणाचा तरी दवाखाना त्या क्षणी परत चालू झाला असेल, असं मी म्हटलंसुद्धा. ज्योतीने साखर आणली हातावर ठेवायला.

साखर तोंडात असतानाच पहिला फोन आला. "योगेश भो, कॅमेरा दिसत नही." मग दुसरा. मग गावाहून मालतीकाकूंचा, तो उचलला आणि योगेशने मोबाईल कानापासून लांबच धरला.

शनिवार, इच्छापोर

फोन फक्त एकीचा आला नव्हता. सुनंदावहिनींचा. म्हणूनच योगेशला चैन पडेना. सुनंदावहिनी म्हणजे आमच्याच एका चुलतभावाची, प्रकाशदादाची बायको. दादा बांधकामावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तो बमरोलीत खाटेवर पडून असतो आणि वहिनी हजिरा रस्त्याला इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला जातात. मधल्या सुट्टीत फोनवर नवऱ्याला बघतात. शनिवारी बघायला गेल्या असत्या आणि काळी पाटी दिसली असती.

"त्यांच्यासाठी काहीतरी कर," योगेश म्हणाला. केलं. त्यांच्या एकट्या फोनला एक वेगळी किल्ली देता येत होती. त्या फोनवरूनच, त्या एका कॅमेऱ्यापर्यंतच वाट उघडते, बाकी जगाला दार बंद. तशीच ती सगळ्यांनाही देता आली असती, प्रत्येक फोनला स्वतःची. वहिनींचं आधी करू, मग एकेकाचं, असा बेत झाला. आणि इथेच आमचं चुकलं. सगळ्यांचं एकदम करायचं, हे कालच तो स्वतः म्हणाला होता!

कारखान्याच्या गेटबाहेर एका टपरीच्या पत्र्याखाली वहिनी भेटल्या. उभा पाऊस लागला होता. त्यांनी डबा उघडला, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा, आणि अर्धी भाकर आधी माझ्या हातावर ठेवली. "तुमना पुण्याले भेटस का?" नाही भेटत, वहिनी. आमच्याकडे पोळ्या करायला बाई येते, तिला भाकरीचं विचारलं तर जास्तीचे मागते.

योगेशने त्यांच्या फोनमध्ये किल्ली बसवली. चित्र उमटलं. खाट, फिरता पंखा, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेला माझा भाऊ. लहानपणी विहिरीत सूर मारणारा हा दांडगट. मला बघवेना.

"दिखस!" वहिनी म्हणाल्या. फोन छातीशी धरून परत बघितला. "काल रातले मन्हा जीव नही लागना. म्हनं, आते कसं करू?"

"आता फक्त तुम्हालाच दिसेल, वहिनी," मी सांगितलं. "दुसऱ्या कोणाला नाही."

"मालेच?" त्या थांबल्या. "नानासना घरले बी नही?"

"नाही."

भोंगा झाला आणि त्या डबा झाकून आत गेल्या. मला वाटलं, खूश झाल्या आहेत. किती हुशार समजत होते मी स्वतःला!

शनिवार संध्याकाळ, नानांकडे

नानांनी बोलावलं होतं. खाट, चटया, भाऊबंद दाटीवाटीने बसलेले. नाना ओरडणारे नाहीत. ओरडले असते तर मला जमलं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी मला आधी पाणी दिलं, आईची तब्येत विचारली, मग म्हणाले, "सांग बेटा, काय व्हयनं ते."

मी सगळं सांगितलं. डबे, रोग, दार, वरची कंपनी. योगेशची लाईन कापली गेली तर त्याच्या घरात चूल पेटणार नाही, हेही सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी.

"आपला डब्बा कोनले मारस?"

"माहीत नाही, नाना. कुणीतरी असेल, लांबचा."

"माहीत नही," ते म्हणाले. बाकीचे हसले नाहीत, मान हलवली फक्त. "आनि त्या लांबनासाठे आपला घरनं दार लाई दिनं."

"चोराला लावलं, नाना. तुम्हाला नाही."

"सुनंदानं चालू शे ना?"

खोलीत सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी सांगू लागले, तिचा नवरा पडून असतो... नानांनी हात वर केला. "तो मन्हा पुतन्या शे, बेटा. दुपारले त्याले पानी मन्हा पोरगा पाजस. तो खाटवरथिन सरकना तर कॅमेरामा देखीसन आमीच पयतस. आते आमले दिखत नही. तिलेच दिखस, आनि ती इच्छापोरले."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, तुम्हालाही देते ना किल्ली, प्रत्येकाला देते, फक्त प्रत्येकाची वेगळी राहील.

"बठासले एकच दे."

"सगळ्यांना एकच दिली तर ती ग्रुपवर जाईल, नाना. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि परत तेच."

"मंग वेगळी चूलच म्हन की." आता पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. "एक पासवर्ड व्हता तर बठी भाऊबंदकी एक घर व्हती. आते ज्येनी त्येनी किल्ली. कोनं घर कोन देखी, ते योगेश ठराई." ते योगेशकडे वळले. "तू सांग. दार उघडस का नही?"

योगेश चटईच्या काड्या मोडत होता. त्याला उघडता आलं असतं. उघडलं असतं तर सोमवारी लिंक गेली असती. मी त्याच्याकडे बघत होते आणि देवाला म्हणत होते, याला आत्ता माझ्याकडे बघू देऊ नकोस. त्याने बघितलं नाही.

"ताई सांगस ते खरं शे, नाना," तो म्हणाला. "नही उघडता येस."

"बरं," नाना म्हणाले. "मंग उद्या तुन्हा रोट तू वेगळा कर."

खानदेशाबाहेरच्या माणसाला या वाक्यात काही कळणार नाही. कानबाईला भाऊबंदकीचा रोट एकत्र होतो. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू प्रत्येक घरातून येतात, एकत्र दळले जातात, आणि त्याचे रोट सगळे भाऊबंद एकत्र बसून खातात. परक्याला द्यायचे नाहीत, आपसांत संपवायचे. ज्याचा रोट वेगळा त्याचं नातं वेगळं. वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी आमच्यात कुणाचा रोट वेगळा झालेला मी ऐकला नव्हता. ज्योती दाराशी उभी होती. तिने हातातली गव्हाची पिशवी मागे घेतली. ती ते गहू तिथे ठेवायलाच आली होती.

रविवार, बमरोली

सकाळी गल्लीत शिडी लागली होती. दुसऱ्याच एका मोठ्या इंटरनेट कंपनीची माणसं भुरभुर पावसात नानांच्या घराला तार ओढत होती, मग पुढच्या घराला, मग त्याच्या पुढच्या. त्या कंपनीचा माणूस म्हणे सांगून गेला, आमच्याकडे कॅमेरा बाहेरून दिसतो, काही बंद नाही. म्हणजे ते डबे परत उघडे पडणार, परत रोग लागणार, परत कुणाला तरी मारणार. मोठ्या कंपनीला कोण कापणार आहे? मी खिडकीत उभी राहून शिव्या दिल्या. खाली माग बंद होते, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू गेल्या असतील. जाऊ देत.

मेहुलभाईंचा फोन सोमवारची वाट न बघता आला. "अभिनंदन, योगेशभाई! एकदम क्लीन!" योगेश थँक्यू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ज्योतीने एका पुरुषाचे गहू मोजले. योगेशच एकटा, दोन्ही मुलीच आहेत. सव्वा मूठ गहू परातीत पडले तर परातीचा तळसुद्धा झाकला नाही. नारळाला नथ घालून, डोळे रेखून तिने कानबाई बसवली. आमच्या घराण्याची जुनी कानबाई नानांकडे असते, ही बाजारातली. मुलींनी झेंडूची माळ केली. नानांच्या घरून बायकांची गाणी ऐकू येत होती. ज्योतीला ती सगळी येतात, गळा गोड आहे तिचा, पण एकटीने कसं म्हणायचं? ती ओठ हलवत होती.

दुपारी सुनंदावहिनी आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पदराखालून फोन काढला आणि योगेशसमोर धरला.

"योगेशभाऊ, मन्हं बी बंद करी द्या."

मी पुढे झाले. "वहिनी, असं काय करताय? तुम्हाला दादा दिसणार नाही मग!"

"नही दिखी," त्या म्हणाल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. "ताई, कॅमेरामा तो पडेल दिखना, तरी मी इच्छापोरथिन काय करसू? उचलाले तर नानासना पोरगाच येस. ते त्या दुसऱ्या कंपनीनी तार मन्हाकडे बी लाई देतस. मंग त्यासले बी दिखी, माले बी दिखी."

इतकी वर्षं मी शिकले आणि शिकवलं की आत कोणाला येऊ द्यायचं नाही. पडलेल्या माणसाला उचलायला कोण येणार, हे त्यात कुठेच नव्हतं.

योगेशने वहिनींसमोरच लॅपटॉप उघडला आणि त्यांची किल्ली काढून टाकली. त्याच्याकडून सुटलेल्या आमच्या लोकांतलं ते शेवटचं घर. "झालं, वहिनी," म्हणाला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पावसात निघून गेल्या. त्यांना रोटाला नानांकडे पोचायचं होतं.

ज्योतीने पान वाढलं. योगेश बसला. एका माणसाचे का होईना, पण जाडजूड रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर. दोन घास खाल्ले आणि थांबला. समोर ते तसेच पडलेले. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि संपवायला भाऊ नाहीत. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीलाही रोट देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली म्हणून. इतक्या वर्षांत मी कानबाईला माहेरी असले की रोटाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसायची, कुणी सांगावं लागत नसे. आत्ताही उठले.

"बस ना, ताई," योगेश म्हणाला आणि एक रोट मोडून अर्धा माझ्या पुढ्यात ठेवला.

मी ज्योतीकडे बघितलं. म्हटलं, "अरे, मला चालत नाही."

"खा," तो म्हणाला. "आता नाही म्हणायला आहे कोण?"